धानाच्या गोदामातला डोक्याचा दवाखाना

माझी सगळी नोकरी बाळंतपणं करण्यात गेली. कुरखेड्याच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. मूल गावी येऊन राहिल्याला आता बरीच वर्षं झाली, तरी बाजारात कुणीतरी बायको-पोरांसह भेटतो आणि बायकोला सांगतो, "ह्या नर्सबाईनं मले सगळ्यात आंधी पाह्यलं." बायको हसते, मीही हसते. पण या अंकासाठी कामाबद्दल लिहायचं ठरलं तेव्हा बाळंतपणं बाजूला राहिली आणि डोळ्यांपुढे आलं ते वडशाच्या राइस मिलचं गोदाम. तिथे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही एक दवाखाना चालवत होतो. लोक त्याला डोक्याचा दवाखाना म्हणत. मलाही तेच नाव बरोबर वाटतं.

काळ पन्नास सालानंतरचा. चांदा जिल्हा तेव्हा अखंड होता. कुरखेड्याहून रेल्वे गाठायची तर बैलगाडीनं वडशाला जायचं, तिथून नागभीड, आणि नागभीडला छोटी गाडी धरून नागपूर. जंगलातल्या खेड्यातून निघालेलं माणूस नागपूरला पोचेपर्यंत निम्मं आजारी पडायचं. मग आधीच आजारी असलेल्या लेकराला कोण नेणार? आणि तेही असा आजार, की ज्यात अंगावर जखम नाही, ताप नाही, आणि शेजारी दारातून डोकावून तोंड फिरवून निघून जातात.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्याकडे दोन तऱ्हेची मुलं यायची. एक, मिरगीची. लेकरू खेळता खेळता पडतं, हातपाय झाडतं, तोंडाला फेस येतो, आणि थोड्या वेळानं उठून बसतं. त्याला रोज एक गोळी दिली तर बहुतेकांचे झटके थांबतात. मात्र ती गोळी एकाएकी बंद केली तर झटके पहिल्यापेक्षा जोरात येतात. दुसरी, जरा मोठी, मिसरूड फुटायच्या वयातली. चांगला कामाचा पोरगा एकाएकी एकटा बोलायला लागतो, कुणीतरी हाका मारतंय म्हणतो, खात नाही, झोपत नाही. त्यावर तेव्हा नवीनच एक गोळी निघाली होती. त्याआधी असा पोरगा दवाखान्यात भरती करायचा तर पोलीस आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागायचा. रानातल्या माणसापुढे पोलिसाचं नाव घेतलं की तो पोराला घेऊन आणखी आत रानात जायचा. त्यात त्याचं काही चुकत होतं असं मला कधी वाटलं नाही.

सुकलू मला असाच दिसला. देवीची लस टोचायला आम्ही कुरखेड्याच्या पुढे जंगलातल्या एका गोंड वस्तीवर गेलो होतो. सगळी लेकरं टोचून झाली. एका घराच्या मागून कुणीतरी सारखं एकसुरात बोलल्याचा आवाज येत होता. मी मागे गेले. मोहाच्या झाडाखाली सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा बसला होता. त्याचा एक पाय लाकडाच्या जाड ओंडक्याला भोक पाडून त्यात अडकवलेला होता. याला खोडा म्हणतात. घोट्याभोवती मात्र कुणीतरी जुन्या लुगड्याची मऊ चिंधी गुंडाळली होती, लाकूड लागू नये म्हणून.

त्याचा बाप मंगरू माझ्या मागोमाग आला.

"याले काऊन बांधलं, भाऊ?" मी विचारलं.

"रानात पळते बाई. बांधलं नाई तं वाघ खाईन त्याले."

"कधीपासून असं?"

"धान कापाच्या वक्तापासून. कोनीतरी बोलावते म्हनते. मी म्हनतो, अरे कोन बोलावते, आमाले तं ऐकू येत नाई." मंगरूनं ओंडक्याशेजारी बसून पोराच्या पायावरच्या माशा हाकलल्या. "याच्या आंधी हाच माहा नांगर धरत होता."

त्या बापाला निर्दयी म्हणणारा माणूस मला पुढे नागपुरात भेटला, आणि मी त्याला ती चिंधी सांगितली. मंगरूजवळ जेवढा उपाय होता तेवढा तो करत होता.

त्याच हिवाळ्यात आम्हा नर्सांना शिकवणीसाठी नागपूरला बोलावलं. तिथे डॉक्टर टेंभेकर नावाचे एक मानसरोगाचे डॉक्टर व्याख्यान द्यायला आले. उंच, सडपातळ, बोलणं अगदी हळू. त्यांनी नव्या गोळीबद्दल सांगितलं. आता पुष्कळ रुग्णांना भरती करायची गरज नाही, घरच्यांनी वेळेवर आणून दाखवलं तर घरीच बरं वाटू शकतं, असं म्हणाले. व्याख्यान संपल्यावर त्यांनी काही विचारायचं आहे का म्हटलं. मी उठले.

"आमच्याकडची मुलं तुमच्यापर्यंत येणार नाहीत, डॉक्टरसाहेब."

"का?"

"रस्ता नाही, आणि लाज आहे. रस्ता झाला तरी लाज राहील. तुम्हीच या."

वर्गातल्या बाया माझा पदर ओढायला लागल्या. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "कुठे येऊ?"

"वडशाला. तिथवर रेल्वे येते. तिथपर्यंत मुलं आणणं माझ्याकडे लागलं."

ते म्हणाले, "बरं." एवढंच. मला वाटलं, मोठी माणसं असं म्हणतात. पण महिन्याभरात त्यांचा निरोप आला की रविवार ठरवा. आमच्या मेडिकल ऑफिसरांनी वरून परवानगी काढली, आणि वडशाच्या एका मिलवाल्या सेठनं रविवारी मिल बंद असते म्हणून गोदाम वापरायला दिलं. धानाच्या पोत्यांची भिंत एका बाजूला, मधे टेबल, दोन खुर्च्या, एक बाक. कोंड्याच्या वासानं डॉक्टर पहिला अर्धा तास शिंकत होते.

पहिला रविवार फुकट गेला, असं म्हणता येईल. कुणीतरी हौसेनं बाहेर पाटी लावली होती, 'मानसिक रोग तपासणी'. ज्याला वाचता येत होतं त्यानं ज्यांना येत नव्हतं त्यांना सांगितलं की इथी पागलांचा दवाखाना उघडला. पाटी पाहायला गर्दी झाली, आत कुणी येईना. बऱ्याच वेळानं मिलचा मुनीम आला. त्याला झोप येत नव्हती. मग एक बाई आली, तिची म्हैस दूध देईना. डॉक्टरांनी तिलाही बसवून घेतलं, म्हैस कधी व्याली ते विचारलं, आणि गुरांच्या डॉक्टरकडे पाठवलं. मग एक गृहस्थ आले आणि सासूला तपासून मिळेल का, असं विचारून गेले. लेकरू एकही नाही.

गाडीत बसताना डॉक्टर म्हणाले, "पाटी काढा."

"काढली," मी म्हटलं. मी ती मघाशीच काढून पोत्यांमागे टाकली होती.

त्यानंतर मी बारसू पुजाऱ्याकडे गेले. सुकलूच्या वस्तीसकट आसपासच्या चार वस्त्या त्याला मानत. लेकरू आजारी पडलं की आधी त्याच्याकडे नेत आणि तो म्हणेल ते करत. माझ्या बरोबरीच्या नर्सा म्हणायच्या की पुजाऱ्याला टाळून काम कर. मला ते पटलं नाही. बाळंतपणं करताना मी एक शिकले होते: घरातल्या म्हाताऱ्या सुईणीला बाहेर काढलं की बाळंतीण घाबरते, तिला उशाशी बसवलं की काम सोपं होतं.

बारसू म्हातारा, काटक, कमी बोलणारा. अंगणात बांबूची टोपली विणत बसला होता. मी त्याला पेनाबद्दल, म्हणजे त्यांच्या देवाबद्दल, एक शब्द वाईट बोलले नाही. एवढंच विचारलं, "सुकलूले तुमच्याच्यानं आराम पडला का, बाबा?"

त्यानं हातातली पट्टी ओढून घट्ट केली. मग म्हणाला, "नाई. कोंबडे देऊन झाले, बकरा देऊन झाला. पेन ऐकून राह्यला, पन पोट्टा ऐकून नाई राह्यला."

"तं मंग एक डाक्तर पाहून घेऊ का?"

"सुई टोचते का थो?"

"नाई. आंधी नुसता बोलते."

बारसूनं टोपली खाली ठेवली. "मी येतो संगं. माह्या समोर बोलन तं बोलन."

मला हेच हवं होतं. पण माझी एक अट होती आणि ती मी मंगरूला सांगितली: सुकलूला दोर बांधून आणायचा नाही. बांधलेला पोरगा डॉक्टरपुढे नेला की तो डॉक्टरला पोलीसच समजणार. मंगरूचा चेहरा उतरला. "पळला तं?" म्हणाला. बारसू म्हणाला, "मी धरतो त्याले." शनिवारी सकाळी खोडा काढला आणि गाडी निघाली. मी कुरखेड्याला गाडीत चढले.

रविवारी वडसा नजरेच्या टप्प्यात आलं होतं. अलीकडे एक नदी लागते. थंडीच्या दिवसांत पाणी गुडघाभर. गाडी मधोमध आली आणि सुकलू खाली उतरला. पळाला नाही. पाण्यात गेला आणि एका खडकाला टेकून कमरेपर्यंत पाण्यात बसला. तोंडानं बोलणं चालूच. मंगरू त्याला ओढायला गेला, तर पोरानं खडक दोन्ही हातांनी असा धरला की बापाला तो सुटेना. मंगरूनं गाडीतला दोर काढला. म्हणजे त्यानं तो आणला होता.

"ठेव," बारसू म्हणाला. त्यानं धोतर वर खोचलं आणि तो सुकलूशेजारी पाण्यात जाऊन बसला. दोघं बसले. आम्ही काठावर. सूर्य वर चढला. डॉक्टरांची परतीची गाडी दुपारी होती, आणि मला हिशेब दिसत होता: आज ही भेट झाली नाही तर मंगरू पुन्हा कधी खोडा काढणार नाही.

मी गाडीवानाला वडशाला पळवलं. निरोप एवढाच दिला: पोरगा नदीत बसला आहे, येत नाही.

डॉक्टर आले ते स्टेशनमास्तरांच्या सायकलवर, बॅग हँडलला अडकवून. काठावर बूट काढले, मोजे बुटांत कोंबले, पँट गुडघ्यावर गुंडाळली आणि पाण्यात शिरले. सुकलूपासून थोड्या अंतरावर एक खडक होता, त्यावर बसले. मी जवळ उभी राहिले, कारण त्यांची भाषा त्याला आणि त्याची त्यांना कळणार नव्हती. मी बारसूला आमच्या बोलीत सांगायची आणि बारसू त्याला गोंडीत.

"पाणी थंड आहे," डॉक्टर म्हणाले.

बारसूनं सांगितलं. सुकलूचं पुटपुटणं थांबलं नाही.

"इथे बसलं की ते आवाज कमी येतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

बारसूनं हे विचारल्यावर सुकलूनं पहिल्यांदा मान वर केली. डॉक्टरांकडे नाही, बारसूकडे पाहिलं. मग गोंडीत काहीतरी बोलला. बारसूच्या तोंडावरचा भाव मला आजही आठवतो. त्या पोराला एवढ्या दिवसांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

"होय म्हनते," बारसू म्हणाला. "पान्याच्या आवाजात थे आवाज बुडतेत म्हनते. म्हनून थो रानात पळते. नाल्यावर जाते."

काठावर मंगरूनं दोर गुंडाळून बाजूला ठेवला. पोरगा वाघाच्या तोंडी जायला पळत नव्हता. वाहत्या पाण्याजवळ बसायला पळत होता.

डॉक्टरांनी त्याला तिथेच, नदीत, पुरतं तपासलं. नाडी पाहिली, डोळे पाहिले, किती झोपतो, काय खातो, सगळं विचारलं. त्यांची गाडी निघून गेली. शिट्टी आम्हा सगळ्यांना ऐकू आली. त्यांनी मान वळवली नाही. शेवटी ते उठले आणि म्हणाले, "मला आता गारठायला झालं. चहा पिऊ या का?" बारसूनं सांगितलं. सुकलू उठला आणि आमच्याबरोबर चालत गोदामात आला. डॉक्टर त्या दिवशी मिलच्या पाहुण्यांच्या खोलीत राहिले.

गोळी सुरू झाली. इथे कुणाला वाटेल की मग सगळं सुरळीत झालं. तसं नसतं. पहिले दिवस सुकलू नुसता झोपायचा, मंगरू म्हणाला, "बोलत होता तं बरं होतं, आता मेल्यावानी पडते." डॉक्टरांनी गोळी थोडी कमी केली. मग पोरगा उठला, शेतात गेला आणि उन्हानं त्याची कातडी भाजून निघाली. त्या गोळीनं ऊन सोसत नाही, हे आम्हाला सांगितलं होतं, पण धानाच्या बांधीत काम करणाऱ्याला ऊन टाळ म्हणणं सोपं नाही. मंगरूनं गोळ्या फेकायच्या ठरवल्या. बारसूनं त्याला अडवलं आणि सुकलूला आपल्या अंगणात बांबूच्या टोपल्या विणायला बसवलं, सावलीत. उन्हात जायचंच झालं तर पळसाच्या पानांचा मोठा टोप. हळूहळू सुकलूचं पुटपुटणं कमी झालं. एक दिवस मी गेले तर तो मला आमच्या बोलीत, तोडकं तोडकं, म्हणाला, "बाई, पानी पितं का?" कुणाला हे साधं वाटेल. मंगरूला नाही वाटलं, तो घरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

बिनदोराचा सुकलू वडशाला येतो-जातो हे लोकांनी पाहिलं, आणि गोदाम भरायला लागलं. मिरगीची लेकरं तर इतकी, की ती एवढे दिवस कुठे लपली होती असं वाटावं. पण माझ्या लक्षात आलं की येतात ते सगळे पोरगेच. मुलींना मिरगी होत नाही असं थोडंच आहे. कारण मला ठाऊक होतं: मुलगी या दवाखान्यात दिसली की लग्न मोडलं.

कुरखेड्याजवळच्या एका कुणब्याच्या घरातली तुळसा तेरा वर्षांची होती. तिची आई तिला माझ्याकडे घेऊन आली आणि म्हणाली, "पोटात दुखते हिच्या." मी दार लावून घेतलं. आई रडायला लागली. "पोटात नाई दुखत बाई. पडते थे. कोनाले सांगू नोका." मग मी डॉक्टरांना आणखी एक गोष्ट मागितली: दोन महिन्यांतून एकदा तुम्ही कुरखेड्याला, माझ्या बाळंतिणींच्या खोलीत या. तिथे बाया-मुली येतात-जातात, कोण कशासाठी आलं हे कुणी विचारत नाही. ते बैलगाडीनं आले, कंबर धरून उतरले, आणि येत राहिले. तुळसाचे झटके थांबले.

तिचं लग्न झालं तेव्हा सासरी गोळीचं सांगा म्हणून मी तिच्या आईच्या विनवण्या केल्या. तिनं सांगितलं नाही. सासरी गोळी बंद झाली आणि तुळसा चुलीजवळ पडली. हात भाजला. तिला परत माहेरी आणून घातलं. या एका गोष्टीची चुटपुट मला अजून आहे. गोळी पुन्हा सुरू झाली, झटके पुन्हा थांबले, पण डाव्या हाताची बोटं सरळ झाली नाहीत. पुढे ती माझ्याच खोलीत बाळंतिणींची उस्तवार करायला आली आणि चांगली सुईण झाली. मुलींना आणि त्यांच्या आयांना गोळीचं समजावणं तिला माझ्याहून जास्त जमायचं, कारण ती हात दाखवायची.

तुळसाचं हे सगळं पुढचं; दवाखान्याच्या पहिल्याच वर्षी पावसाळा आला. आमच्याकडे पावसाळा म्हणजे नद्या-नाले फुगले की आतल्या वस्त्या महिनोन्‌महिने तुटलेल्या. मिरगीच्या लेकरांची गोळी तुटली तर काय होतं ते वर सांगितलंच आहे. डॉक्टर म्हणाले, "सगळ्या पावसाळ्याच्या गोळ्या आधी देऊन ठेवाव्या लागतील. पण घरोघरी नको. एखाद्या लहान पोरानं मूठभर खाल्ल्या तर जीव जाईल. एका जबाबदार माणसाकडे ठेवू."

"बारसूकडे ठेवू," मी म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, "त्याला वाचता येत नाही."

"प्रत्येक लेकराला ओळखतो तो."

मग दोघांनी बसून रीत ठरवली. प्रत्येक मुलाच्या गोळ्या बांबूच्या वेगळ्या नळीत. नळ्या बारसूनंच कापल्या, आणि कुणाची कोणती यासाठी त्यानं त्याच्या खुणा कोरल्या. डॉक्टरांनी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, हे कुणाचं, ते कुणाचं. तो चुकला नाही, आणि डॉक्टरांचं समाधान होईपर्यंत कंटाळलाही नाही. नळ्या त्यानं देवघरात उंच टांगल्या. तिथे लहान पोरांचा हात पोचत नव्हता आणि मोठ्यांची हात लावायची हिंमत नव्हती. रोज सकाळी तो पूजा करायचा आणि मग लेकरांना ओळीनं गोळी द्यायचा, स्वतःसमोर गिळायला लावायचा. पलीकडच्या वस्तीवरच्या लेकरांच्या गोळ्या सुकलू पानांचा टोप घालून घेऊन जायचा.

मला त्या पावसाळ्यात धड झोप लागली नाही. पाणी वाढलं की वाटायचं, आत काय चाललं असेल. डॉक्टरांचे निरोप येत, "काही कळलं का?" काही कळत नव्हतं.

पाणी उतरल्यावरच्या पहिल्या रविवारी आम्ही गोदामात लवकर जाऊन बसलो. डॉक्टर टेबलावर पेन्सिल वाजवत होते. मग बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. आधी सुकलू उतरला, त्याच्या मागे ओळखीची लेकरं, एकेक करत. सगळी होती. मी मोजणार होते, पण डॉक्टरांनी माझ्याआधीच मोजली आणि खुर्चीत मागे टेकून बसले. शेवटी बारसू उतरला. त्याच्यासोबत तीन लेकरं होती, आम्ही कधी न पाहिलेली.

"नळ्या रिकाम्या झाल्या," बारसू म्हणाला. "कोनी पडलं नाई." मग त्यानं नवीन मुलांपैकी दोघांना पुढे केलं. "हे दोघं माह्या हातचे नाईत. तुमच्या हातचे हायेत. मी पाह्यलं त्याईले, आन् घेऊन आलो."

डॉक्टर उठले. त्या दोघांना त्यांनी बाकावर बसवलं, आणि तिसरी एक चिमुरडी बारसूचं धोतर धरून उभी होती तिच्याकडे वळून विचारलं, "आणि हिला काय होतंय?"

"हिले?" बारसू म्हणाला. "हिले काई नाई झालं. माही नात हाय. रेलगाडी पाहाची हाय म्हने."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, दोन्ही नव्या मुलांना "पाच मिनिटं बसा बरं का" म्हटलं, आणि तिचं बोट धरून स्टेशनकडे निघाले. बाकावरचे ते दोघं थोडा वेळ एकमेकांकडे पाहत राहिले, मग उठून त्यांच्या मागे धावले, आणि त्यांच्या मागे सुकलू.